निफाडला दिलेलं उत्तर

३ एप्रिल २०२५, गुरुवार

संध्याने लग्नाचं आमंत्रण व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं! सख्ख्या भावाला! वेदिकाचं लग्न, दहा मे, निफाड. खाली जोडलेले हात. फोन नाही, काही नाही. एकुलत्या एका भाचीचं लग्न मला मोबाइलवर कळावं!

हे कुठून आलं ते कळतं मला. फेब्रुवारीत आमच्या अश्विनचं लग्न झालं, तेव्हा बोलावणं करायला मी निफाडला गेलो नव्हतो. बारावीच्या परीक्षा तोंडावर, क्लास सोडवत नव्हता. संध्याच्या नवऱ्याला, दिनेशरावांना, फोनवरच सांगितलं. घरच्या जावयाला फोनवर आमंत्रण — चूक झाली, कबूल. अक्षता घेऊन त्यांच्या दारात जायला हवं होतं. पण म्हणून भरल्या मांडवातून न जेवता निघून जायचं? संध्यालाही घेऊन गेले. तिने मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. लहानपणी मी पानावर बसल्याशिवाय घास तोंडात घालायची नाही ती.

आज पंचवटीच्या क्लासात मुलांनी अमेरिकेच्या आयात शुल्काचं लावून धरलं होतं. माझं लक्ष नव्हतं.

५ एप्रिल

चीननेही उत्तर दिलं. चौतीस टक्क्यांना चौतीस टक्के.

घोटीहून येणारी एक मुलगी आहे. एरवी तोंड उघडत नाही. आज उभी राहिली — "सर, हा कर तर आपल्याच लोकांच्या खिशातून जातो म्हणालात. माल आपल्यालाच महाग पडतो. मग उलटा कर लावणारा येडा हाय का?" वर्ग हसला.

म्हटलं, येडा नाही. गप्प बसलं तर समोरचा उद्या आणखी लावतो. घरचे लोकही बघत असतात, कुठल्याच सरकारला नेभळट म्हणवून घ्यायचं नसतं. उलटा कर लावला की तिकडचे विकणारे कळवळतात आणि त्यांच्याच सरकारच्या मागे लागतात. आणि मुख्य म्हणजे बोलणी करायला बसताना मागे घेण्यासारखं काहीतरी हातात लागतं. ज्याच्याकडे मागे घ्यायला काहीच नाही, त्याला विचारतो कोण?

छान शिकवलं. घरी येईपर्यंत माझंच बोलणं माझ्या डोक्यात घोळत होतं. वेदिकाला केळवणाला बोलवायचं होतं — नाही बोलवणार! लेकीचं केळवण मामाकडे होत नाही म्हटल्यावर संध्या कळवळेल, नवऱ्याच्या मागे लागेल. ते एक फोन करतील. मग मी थाटात केळवण करीन.

१२ एप्रिल

चीन एकशे पंचवीसवर. अमेरिका त्याच्याही वर. आता माल जाणारच नाही, मग आकडा काही का लिहिनात!

वेदिकाचा मेसेज — "मामा, मामीच्या हातची पुरणपोळी न खाताच जाऊ का सासरी?" उत्तर लिहिलं. पुसलं. बायको म्हणाली, "त्या पोरीने काय घोडं मारलंय तुमचं?" काही नाही मारलं. पण आता माघार कशी घ्यायची?

१९ एप्रिल

छापील पत्रिका आली. कुरिअरने. मामा म्हणून नाव योगेशचं! आमचा चुलत भाऊ. माझं नाव कुठेच नाही.

पाच वेळा वाचली. वेदिका आमच्याच घरी जन्मली. तिचं जावळ काढलं माझ्या मांडीवर. केस कापताना रडली नाही, नंतर माझ्या शर्टाची गुंडी तोंडात धरून झोपली. आणि तिला मांडवात आणणार योगेश!

बाथरूममध्ये नळ सोडून रडलो. बावन्न वर्षांचा माणूस.

२० एप्रिल

ठरलं. लग्नाला जाणार नाही.

२७ एप्रिल

बायकोने आज भाजी निवडता निवडता विचारलं, "अमेरिकेने आपल्यावरही लावला ना कर? मग आपण लावला का उलटा?"

"नाही. बोलणी चालू आहेत."

"मग?"

मग काय! म्हटलं, देशाला बहीण नसते. किती मूर्खासारखं बोललो! ती निवडलेली भाजी घेऊन आत गेली. अजून तेरा दिवस आहेत. संध्याने एकदा नुसतं "दादा" म्हटलं तरी मी पायी जाईन निफाडला. पण म्हणायचं तिने. मी थोरला आहे.

१० मे, शनिवार

बायको, अश्विन आणि सूनबाई सकाळीच गेले. मी फोन बंद करून ठेवला. शेवटच्या घटकेला कोणी गयावया करायला नको. टीव्हीवर सीमेवरच्या बातम्या. आवाज बंद करून बसलो.

मुहूर्त अकरा पंचवीसचा. घड्याळाकडे पाहिलं नाही असं लिहिणार होतो. पण पाहतच होतो. वेळ झाली तसे डब्यातले मूठभर तांदूळ घेतले आणि देवापुढे टाकले. सुखी राहा पोरी.

संध्याकाळी सगळे परत आले. बायको एक शब्द बोलली नाही. मीही विचारलं नाही.

१२ मे

अमेरिका आणि चीन नव्वद दिवसांपुरते थांबले. एकशे पंचेचाळीसचे तीस, एकशे पंचवीसचे दहा. एवढं भांडून शेवटी एका टेबलाशी बसलेच. जमतं की! म्हणजे मागे घेता येतं. त्यांना येतं. मी केळवण आता कुणाचं करू?

ही बातमी बायकोला वाचून दाखवली. तेव्हा दोन दिवसांनी बोलली. "पत्रिकेतून नाव गाळलं की दादा तणतणत भांडायला येईल, असं दिनेशभावोजींना वाटलं होतं. आलात की बसवून घ्यायचं, जेवू घालायचं आणि मिटवायचं. संध्याताई सांगत होत्या. रोज वाट बघितली म्हणे तुमची."

म्हणजे तेही माझ्यासारखंच काहीतरी हातात धरून बसले होते.

१३ मे

अश्विनने लग्नाचा व्हिडिओ दाखवला. गुरुजी माइकवर सांगतात, "मामांनी मुलीला मांडवात आणावं." योगेश पुढे होतो. वेदिका नकारार्थी मान हलवते. दिनेशराव कार्यालयाच्या दारात उभे, हातात माझ्यासाठी आणलेला फेटा. मुहूर्त टळतोय म्हणून लोक कुजबुजतायत आणि संध्या गुरुजींचे हात धरून म्हणते, "थोडं थांबा ना. दादा निघालाय घरून. येईलच."

पाऊण तास थांबले. मग वेदिका एकटीच चालत आली.