नराच्या ओळी

मामा,

सुनेनं सासऱ्याला आधी नमस्कार लिहावा, पण माझा हात उठत न्हाई.

आज सकाळी तुम्ही लेकासाठी दुसरी बायको पाहायला राजूरला निघालात. सात वर्षं मला वांझोटी म्हणत आलात. मंग ह्यांचा रिपोर्ट आला. डॉक्टरनं नीट समजावलं, ह्यांच्यात जन्मापासून एक क्रोमोसोम जास्तीचा हाय, त्यानं शुक्राणू तयारच होत न्हाईत, यात कुणाचीच चूक न्हाई. तुम्ही भर दवाखान्यात म्हणालात, "जास्तीचा हाय ना? मंग कमी कसलं?" ह्यांनी तिथं रिपोर्टची घडी घातली, अन् आज तुमच्या मागं गाडीवर बसून गेले.

गेल्या साली आपल्या बियाण्याच्या प्लॉटात कपाशीला बोंडं धरली न्हाईत. तवा मादीच्या ओळींना तुम्ही बोल लावला न्हाई. ज्यांचा पराग मादीच्या फुलांना लावतात त्या नराच्या ओळीत सरळ शिरलात, फुलं तोडून पराग बोटावर चोळून पाहिला. एवढी अक्कल फक्त कपाशीपुरतीच ठेवलीत.

हे पत्र तुम्हाला देणार न्हाई. तुमच्यासाठी एवढं लिहिलं हेच जास्त झालं. रिपोर्टची झेरॉक्स मात्र कालच राजूरला त्या पोरीच्या हातात पोचली.

चहा दिला तर पिऊन या.

अजून तरी तुमची सून,
दैवशाला