माझ्या स्टुलावर मास्तर

ती. दादास,

शिरसाष्टांग नमस्कार. (राग नमस्कारानंतर सुरू होईल, आधी नाही; एवढं वळण अजून शिल्लक आहे.) तुझी पाठ कशी आहे? वहिनी बरी ना? मी ठीक आहे, पाय सोडून.

आठवतं का, तुला खोकला झाला होता आणि आपण दोघं कंपाउंडरच्या खिडकीशी टाचा उंचावून उभे होतो? लाल औषधाच्या बाटलीवर तो खाचा कापलेली कागदाची पट्टी चिकटवायचा, एक खाच म्हणजे एक डोस. परत येताना गोड लागतं म्हणून तू दोन खाचा रस्त्यातच प्यायलास. मग मी नळाचं पाणी घालून औषध बरोब्बर जागेवर आणलं. आईला कळलं नाही. माझ्या धंद्याचा श्रीगणेशा असा भेसळीनं झाला, आणि तोही तुझ्यापायी.

तोच तू आता मला लिहितोस, ‘धाकटीच्या डोक्यात फार्मसीचं खूळ शिरलंय. आठ दिवस तुझ्या दुकानात उभी कर, पाय दुखले की उतरेल. डबे काढून द्यायचं काम, त्याला चार वर्षं कशाला शिकायचं?’ हे वाक्य मी तीनदा वाचलं, तिसऱ्यांदा चष्मा पुसून. बत्तीस वर्षं मी डबे काढून देते, नाही का? शाळेत सिस्टर सांगायच्या, रागात लिहिलेलं पत्र एक रात्र उशीखाली ठेवावं. मी हे तीन रात्री ठेवलं. राग वाढला आणि मान अवघडली.

तर तुझी धाकटी लेक सोमवारी हजर झाली. पाय दुखले का? दुखले. ‘आत्या, तुझे सुजतात तसेच माझेही सुजले,’ असं आनंदानं सांगत होती, जणू बक्षीस मिळालंय. पहिल्याच दिवशी एक बाई ‘ती पांढरी, लहान गोळी द्या’ म्हणाल्या. मी असते तर त्यांचा चेहरा बघून ओळखली असती. हिनं त्यांची तोंडी परीक्षाच घेतली: कशासाठी, कुणी दिली, सकाळी की रात्री, पहिली पट्टी कुठाय? बाई घरी जाऊन रिकामी पट्टी घेऊन आल्या. (माझ्या मनात आलेली गोळी निराळी होती, पण तो मुद्दा नाही.) मंगळवारी समोरचा शिंपी आला. तो दर सर्दीला दोन कॅप्सूल मागतो आणि चिठ्ठी विचारली की ‘उद्या आणतो’ म्हणतो. त्याचा उद्या नऊ वर्षांत उगवलेला नाही. ही म्हणाली, ‘काका, मग कॅप्सूलही उद्याच.’ तो तावातावानं निघून गेला आणि माझं अर्धं शिवलेलं झंपर अजून त्याच्याकडेच आहे, बाह्यांशिवाय!

बुधवारी कहर झाला. आपल्या गल्लीतले निवृत्त मास्तर काठी टेकत आले. तीन महिने त्यांना चक्कर येतेय, दोनदा पडलेही. हिनं त्यांना माझ्या स्टुलावर बसवलं. माझ्या! त्यावर मी वहिनीलासुद्धा बसू देत नाही, विचार तिला. वर म्हणाली, ‘आजोबा, घरातली सगळी औषधं पिशवीत भरून आणता का? नको, तुम्ही बसा, मीच आणते.’ आणि ती पिशवी तिनं काउंटरवर उपडी केली. रांग रस्त्यापर्यंत गेली. एक गृहस्थ ओरडले, ‘अहो, हे दुकान आहे की घरझडती?’ मीही सगळ्यांदेखत तिला ओरडले, ‘बत्तीस वर्षं मी हेच करतेय, तू मला शिकवू नकोस!’ ती रडली नाही. गोळ्या मांडत राहिली.

थोडक्यात, मुलगी हळू आहे, उद्धट आहे, गिऱ्हाईक तोडते आणि दुसऱ्याच्या स्टुलावर तिसऱ्याला बसवते. तुला हेच वाचायचं असेल तर पत्र इथं संपलं.

तुझी बहीण

ता. क. वर लिहायचं टाळलं, पण टाळून राग जात नाही. मास्तरांना रक्तदाबाची गोळी हृदयाच्या डॉक्टरांनी दिली होती आणि गल्लीतल्या डॉक्टरांनीही. नावं वेगळी, डबे वेगळे, आत औषध एकच. धाकटी हळूच म्हणाली, ‘आत्या, हे दोन्ही एकच आहे ना?’ मी भिंग घेतलं. एकच होतं. दादा, ते दोन्ही डबे तीन महिने मीच काढून दिले, याच हातांनी. बघ, तुझं वाक्य खरं ठरलं, म्हणून तर मी इतकी चिडलेय. दोन्ही डॉक्टरांना फोन केला, एक गोळी बंद झाली. शनिवारी मास्तर काठी काखोटीला मारून आले आणि स्टुलाला पाठ नाही अशी तक्रार करून गेले.

दुसरा ता. क. हे काम करावं की नाही, हे तिनं मला विचारलं. मी खरं सांगितलं: पाय जातात, आभार कुणी मानत नाही, आणि एक चूक झाली तर ती आपल्यासोबत घरी येते. ती म्हणाली, ‘मग कुणीतरी नीट बघणारं हवंच ना?’ फॉर्म सोबत आहे. शुक्रवार शेवटचा दिवस. वडिलांची सही खालच्या रेघेवर, मुकाट्यानं.

शेवटचा ता. क. माझ्या वस्तूंची वाटणी आत्ताच करते: भिंग आणि पितळी तराजू धाकटीला. पांढरा कोट तिलाच, पण बाह्या आखूड कर म्हणावं (शिंप्याकडे नको). स्टूल दुकानातच राहील, त्यावर ती हवं त्याला बसवेल. खोकल्याची लाल बाटली वहिनीला. खाच मोजून दे, तू पिऊ नकोस. मास्तरांनी काठी इथंच सोडली, ती तुझ्या पाठीसाठी पाठवतेय. आणि तुझी स्वतःची औषधांची पिशवी, जी तू गेली सहा वर्षं मला डोळे झाकून दाखवतोस, ती यापुढे तिला दाखव. मला नको.