माझ्यामागे साहेब

मी, खाली सही करणारा, व्यवसायाने न्हावी, वय बहात्तर, बाप्तिस्मा झालेला ख्रिस्ती, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहीत आहे. डोकं शाबूत आहे; डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. यापूर्वीचं मृत्युपत्र नाही. असतं तर बायकोने ते तिच्या हयातीतच रद्दीत घातलं असतं.

१. दुकानातल्या दोन खुर्च्या, वस्तरे आणि कात्र्या माझ्या भागीदाराला द्याव्यात. तो बडबड्या आहे, पण हात हलका आहे.

२. घर आणि बँकेतली ठेव मुलीला. तिने साहेबाला सांभाळावं, अशी अट मी कच्च्या मसुद्यात घातली होती. साहेब म्हणजे माझा मुलगा, वय एक्केचाळीस. त्याला बोलता येत नाही, हाताने जेवता येत नाही. दिवसभर गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसतो म्हणून सगळे साहेब म्हणतात. मुलगी म्हणाली, "बाबा, घर नको आणि अटही नको. माझी पोरं लहान आहेत, दादा चावतो. मला नाही हो जमणार." मी तिला वाटेल ते बोललो. ती रडली, मग मीही रडलो. तिच्या दंडावरचा वण मी पाहिलेला आहे. अट काढली आहे, घर तिचंच.

३. साहेबाचा पालक म्हणून मी .................... यांना नेमतो.
वकील म्हणाले, "काका, नाव तरी टाका." कोणाचं टाकू? अशांना सांभाळणाऱ्या संस्थेत नोंदणी करून नऊ वर्षं झाली, अजून नंबर लागत नाही. जो कोणी होईल त्याच्यासाठी सूचना: दाढी डाव्या गालापासून सुरू करावी. आधी रिकामा हात दाखवावा, मगच वस्तरा घ्यावा. घाई केली तर तो चावणारच.

४. आमच्या चर्चच्या जुन्या पाळकांविषयी. साहेब पंधराचा असताना मी त्याला दृढीकरणासाठी नेलं; ते झालं की प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षरस घेता येतो. पाळकांनी विचारलं, "देवाने माणसाला कोणाच्या प्रतिरूपात घडवलं?" साहेबाने त्यांचा चष्मा ओढला. ते म्हणाले, "याला समज नाही, प्रभुभोजन कसं देऊ? समज हेच तर देवाचं प्रतिरूप."

"मग हा कोणाचं?" मी विचारलं.

"प्रार्थना करू," म्हणाले.

त्यानंतर सव्वीस वर्षं त्यांची दाढी मीच केली. गळ्यावर वस्तरा असतानाही तो प्रश्न परत विचारला नाही. भित्रा कुठला!

आता ते अर्धांगवायूने पडून आहेत. वाचा गेली, लाळ गळते, मला ओळखत नाहीत. मंडळी त्यांना घरी जाऊन प्रभुभोजन भरवते. भरवावंच. दर शनिवारी मी दाढी करायला जातो, तेव्हा ते साहेबासारखीच मान वर करतात. त्यांच्यात देवाचं प्रतिरूप अजून आहे, याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. मग माझ्या पोरात नव्हतं का हो? पण ज्यांना विचारायचं त्यांना आता कळत नाही. राग धरून तरी काय करू, सोडला. नव्या पाळकांनी साहेबाला एकदा तरी प्रभुभोजन द्यावं. तीनदा विनवलं, "समितीपुढे ठेवतो" म्हणतात.

५. साहेब माझ्याआधी गेल्यास कलम तीन आपोआप रद्द समजावं. तो देवाचं प्रतिरूप आहे असं मी मानतो, आणि तरी रोज त्याच्या गालाला साबण लावताना त्याच देवाला म्हणतो, याला माझ्याआधी एक दिवस ने. बापाने असं मागू नये. पण मला दुसरं काही सुचत नाही.

हे मी वाचून, समजून, दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली आहे.

लिहून देणार: न्हावी (सही)
साक्षीदार: १. शेजारचा शिंपी (सही) २. दाखला देणारे डॉक्टर (सही)
ठिकाण: दुकानामागची खोली
तारीख: नऊ मार्च, सकाळी साडेदहा