गाळलेले सातवे कलम

शुक्रवार, ५ जानेवारी १९७९

माझा पुतण्या गिरीश याने अल वक्रातील आपल्या मंडळींना सांगितले आहे की, शिकारीची जमीन इलियासने घेतली आणि मास्तरांनी, म्हणजे मी, केवळ सही केली. हे विधान चुकीचे आहे. जमीन आम्ही दोघांनी निम्मी निम्मी घेतली. आम्हां परदेशीयांना दुसरा मार्ग नसल्यामुळे कागदोपत्री ती राशिद या कतरी गृहस्थाच्याच नावावर राहील. परंतु तेथे शिकार करण्याचा हक्क आजन्म आम्हां दोघांचा. अरबी मसुद्यावरून इंग्रजी करारनामा मी स्वतः तयार केला आहे. दोह्यातील कचेरीत चौदा वर्षे पत्रव्यवहार सांभाळलेल्या माणसाने केवळ सही केली, असे म्हणणे हास्यास्पद आहे.

आज प्रथमच मुक्कामाला आलो. मदिनत अश शमाल हे गाव मागे टाकल्यावर डांबरी रस्ता संपतो. पुढे तासभर इलियासच्या पिकअपमधून आदळत आलो. दगडी भिंतींच्या दोन खोल्या, एक विहीर, एक बोरीचे झाड. बाकी सपाट माळ आणि पलीकडे खाऱ्या चिखलाचे पांढरे मैदान. हवा गार व अत्यंत सुखद आहे. इलियास मूळचा रत्नागिरीचा, येथे लॉरी चालवतो. वीस वर्षांचा स्नेह. गाडीतून उतरताच तो ओरडला, “मास्तर, आपुन आता जमीनदार!” मी ‘आपण’ असे सुधारून, आपण जमीनदार नसून हक्कदार आहोत, हेही स्पष्ट केले. तुझ्याबरोबर शिकारीला आले तरी माणूस शाळेतच जातो, असे म्हणून तो पोट धरून हसला.

शुक्रवार, १२ जानेवारी

पहाटे एक ससा व एक हुबारा मिळाला. हुबारा म्हणजे आपल्याकडील तणमोराचा भाऊबंद. तो डोळ्यांना दिसत नाही. वाळूवरील पावलांवरून शोधावा लागतो. इलियासला ही विद्या चटकन साधली.

दुपारी राशिद खजूर घेऊन आला. ‘उस्ताद, सातवे कलम नीट उतरवलेस ना?’ असे त्याने मला विचारले. मी होकार दिला. तो होकार खरा नव्हता. सातव्या कलमात असे होते की, या जमिनीवर शिकारीला एकट्याने पाऊल टाकू नये. दोघांनी जावे, दोघांनी परतावे. जो एकटा जाईल त्याला ही जमीन सोबत देते. करारनाम्यात असल्या दंतकथांना स्थान नसते, म्हणून मी ते कलम गाळले. राशिदला इंग्रजी येत नाही आणि इलियासला अरबी वाचता येत नाही. तो बाजूला बसून पक्ष्याची पिसे काढत होता. त्याला मी काही सांगितले नाही. सांगण्यासारखे काही आहे, असे मला वाटले नाही.

शुक्रवार, १९ जानेवारी

बुधवारपर्यंत दोघांनीही रजा घेतली आहे. आज विहिरीच्या कठड्यावरून उतरताना माझा उजवा पाय मुरगळला. घोटा बराच सुजला आहे. उद्या मी एकटाच जाऊन येतो, असे इलियास म्हणतो. मी हरकत घेतली नाही.

शनिवार, २० जानेवारी

इलियास दहाच्या सुमारास दोन हुबारे घेऊन परतला. दारातूनच त्याने मला शाबासकी दिली. काल कण्हत होतास आणि आज हरणासारखा चाललास, मग मला मागे टाकून आधी का परतलास, असे त्याने विचारले. मी अंथरुणावरून उठलो नव्हतो. थट्टा समजून मी विषय सोडला.

संध्याकाळी काठी टेकत बाहेर गेलो. वाळूवर दोघांची पावले शेजारी शेजारी गेलेली आहेत. त्यांपैकी एक जोड माझ्या मापाची. मी माझा बूट ठेवून पाहिला.

रविवार, २१ जानेवारी

आज पुन्हा तो एकटा गेला. पुन्हा दोघांची पावले.

इलियास फार प्रसन्न आहे. आज तू मला रुकैयाविषयी विचारलेस, म्हणाला. रुकैया ही त्याची बायको. तिला जाऊन नऊ वर्षे झाली. तिच्या दुखण्याचे सगळे आज सांगून टाकले आणि तू नुसता ऐकत राहिलास, एकदाही शब्द सुधारला नाहीस, असे सांगताना त्याचे डोळे भरून आले.

नऊ वर्षांत मी त्याला हे कधीच विचारले नाही. तिला ते दुखणे कोणते होते, हे मला अजूनही ठाऊक नाही.

सोमवार, २२ जानेवारी

त्याला सातवे कलम सांगितले. मी ते गाळले, हेही सांगितले. तो हसला. “मास्तर, तू तुझ्यावरच जळतोस काय रे?”

आजच दोह्याला परतू, म्हणून मी विनवले. विनवणे माझ्या स्वभावात नाही. बुधवारी ठरले आहे तर बुधवारी, खलास, असे त्याने तोडून टाकले. मला गाडी चालवता येत नाही.

पहाटे दारात बसून त्याची वाट अडवली होती. तो शिकारीला गेला नाही.

मंगळवार, २३ जानेवारी

दुपारी एक वाजता. लख्ख ऊन. आम्ही चहा घेत होतो. बाहेरून हाक आली — इलियास. आवाज माझा होता. माझे तोंड बंद होते आणि आवाज माझा होता.

मीही त्याला हाक मारली. जाऊ नकोस म्हणालो. त्याने खिडकीतून बाहेर पाहिले, मग माझ्याकडे. दोघांकडेही नीट पाहिले. त्याला फरक कळला होता, हे मी शपथेवर सांगतो.

त्याने कप खाली ठेवला, आणि बाहेर गेला —

बुधवार, २४ जानेवारी

राशिद आला. माग काढला. दोघांची पावले पांढऱ्या चिखलापर्यंत. पुढे काही नाही. चिखल सपाट, एक ओरखडाही नाही —

राशिदने एवढेच विचारले की, सातवे कलम त्याला माहीत होते का. मी —

शुक्रवार, २ फेब्रुवारी

भाड्याच्या गाडीने आलो. गाडी परत पाठवली. गिरीश आडवा येत होता. काका, वेड लागलंय का तुम्हाला, म्हणाला. त्याने पोलिसांना सांगितलेल्या तारखा चुकीच्या आहेत. त्या अशा दुरुस्त कराव्यात —

जमीन घेतली : २ जानेवारी. ५ नव्हे.

माझा पाय मुरगळला : १९ जानेवारी. २३ नव्हे. म्हणून चिखलापर्यंत त्याच्याबरोबर चालत गेलेला माणूस मी नव्हे.

सातवे कलम इलियासला सांगितले : २२ जानेवारी. सांगायला हवे होते : २ जानेवारी.

इलियास गेला : २३ जानेवारी, दुपारी एक. स्वतःच्या इच्छेने — हे मात्र गिरीशचे बरोबर आहे.

मी या जमिनीवर एकटा आलो : २ फेब्रुवारी. जाणूनबुजून.

इलियास परत आला नाही, असे गिरीश म्हणतो. दुरुस्ती : २ फेब्रुवारी, साडेचार वाजता. तो दारात उभा आहे. कलमाबद्दल माझ्या मनात काही नाही, म्हणतो. खरा इलियास इतक्या लवकर माफ —

पाय मोकळे करायला चल, म्हणतो. मी लिहितो आहे तोवर थांबतो, म्हणतो. हात पुढे केला आहे. मी फक्त ही ओळ पूर्ण करून