साक्षीदार क्रमांक एक

८ मे १९७२

पोचले. घोडेगावला एसटीतून उतरून पुढे बैलगाडी. ट्रंकेत लुगडी दोन आणि पुस्तकं चौदा! आईनं ट्रंक उचलली आणि म्हणाली, "दगड आनलेस का काय गं?" जवळजवळ तेच.

गोरक्षदादा ओट्यावर बसला होता. लढाईहून आल्यापासून आज पहिल्यांदा भेटलो. हसला. पण "काय पुष्पे, झालीस का बॅरिस्टर?" म्हणाला नाही. दर वेळी म्हणतो.

९ मे

निघताना हेमचंद्र सर म्हणाले होते, "पुस्तकं सगळेच वाचतात. तुमचा सख्खा भाऊ तिकडे होता. त्याची जबानी आणा. विद्यापीठात असा प्रबंध झाला नाही!" एम.ए.चं शेवटचं वर्ष. विषय — वंशसंहार आणि तो रोखणारा १९४८चा करार. पूर्व बंगालात गेल्या वर्षी जे झालं ते त्या करारात बसतं, एवढं मला सिद्ध करायचंय. बावीस प्रश्न लिहून आणलेत. तारीख, ठिकाण, मृतांची संख्या, असे.

दादाला कागद दिला. त्यानं सावकाश वाचला, घडी घालून परत दिला. "अक्षर लई चांगलं हाय तुजं."

१२ मे

मनकर्णावहिनी सांगत होती, रजेवर येऊन महिना झाला, पण धड झोप नाही. दिवसभर पाठ भिंतीला लावून बसतात आणि चौकटीकडं बघत राहतात म्हणे.

आमच्या गावात घरांना नुसत्या चौकटीच. दार नाही, कडी नाही, कुलूप नाही. शनिदेव राखतो. कुत्री शिरू नयेत म्हणून ताटी टेकवली की झालं. पुण्याच्या मुलींना हे सांगून मी किती भाव खाल्लाय!

१३ मे

दिवसभर करार वाचला. एकोणीस कलमं. आपल्या सरकारनं मान्यता देऊन तेरा वर्षं झाली. मग? कलमं होतीच की, तरी माणसं मेलीच. मेल्यावर मोजायला शिकतेय मी, दुसरं काय. बाकीच्या पोरी बी.एड. करून मोकळ्या झाल्या.

१६ मे

शाळेत दादाचा सत्कार. नारळ, फेटा, पोरांच्या घोषणा. "दोन शब्द बोला" म्हटल्यावर उभा राहिला. मग म्हणाला, "पानी मिळंल का?" तरी टाळ्या! लोक म्हणाले, केवढा साधा माणूस.

१९ मे

आज बोलला. मी विचारलंही नव्हतं. मळ्यात लिंबाखाली भाकरी खात होतो.

"एक गाव हुतं, पुष्पे. तळ्याकाठी. रातभर मुक्काम केला आन् फुडं गेलो. तिसऱ्या दिवशी म्हागं आलो. मधल्या टायमाला त्यांचं पळनारं लष्कर त्या गावातनं गेल्तं." तुकडा मोडला. "घरांना दारं न्हवती. नुसत्या चौकटी, आपल्यावानी. आत..." भाकरी हातात तशीच. "सतरा. बाया आन् पोरं. आता काय इचारू नको."

विचारलं नाही. घरी येऊन सगळं उतरवून काढलं. आणि इथे कशाला खोटं बोलू — मला आनंद झाला! सतरा हा आकडा लिहिताना आनंद झाला. नंतर स्वतःची शिसारी आली, पण आधी आनंदच.

मध्ये मध्ये त्याचं बोलणं तुटलं होतं. तिथे एक-दोन वाक्यं माझी घातली. जबानी सलग लागते. नाव देणार नाही, नुसतं 'साक्षीदार क्रमांक एक'.

२३ मे

दादा दार करतोय! जुन्या गाडीच्या फळ्या काढल्यात. कानिफनाथ सुतारानं हात जोडले — "मला ह्या पापात घालू नका." मग स्वतःच रंधा मारत बसला. आई तोंडाला पदर लावून आत-बाहेर करतेय. आप्पा मळ्यातून घरी यायलाच तयार नाहीत.

आता कळलं. गावात जिकडं जाईल तिकडं उघड्या चौकटी. आम्हाला त्यात देवाची राखण दिसते. त्याला काय दिसत असेल?

२५ मे

काल दार बसलं. आतून कडी. दादा दुपारी जेवून आडवा झाला तो आज उन्हं वर आल्यावर उठला. वहिनी मला सांगायला धावत आली, "वन्सं, घोरत्यात!" नवऱ्याच्या घोरण्याचं एवढं कौतुक मी आजवर पाहिलं नव्हतं. दोघी हसलो आणि मग दोघी रडलो.

२७ मे, शनिवार

कारभारीतात्या चार म्हाताऱ्यांना घेऊन आले. गावात यांचा शब्द चालतो. रागावले असते तर बरं झालं असतं. पण मायेनं बोलले. "गोरक्षा, पडदा लाव, ताटी लाव. दार नको, लेकरा. दार म्हंजी देवावर इस्वास न्हाई. उद्या गावात कुनाचं बरंवाईट झालं तर लोकं तुलाच बोल लावतील."

मला राहवलं नाही. त्यानं तिकडं काय पाहिलं ते सगळं सांगून टाकलं, सतरा बायापोरांसकट. वाटलं, ऐकून तरी समजतील! तात्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. डोळे पुसून म्हणाले, "पर दार काढावं लागंल, बाई."

दादानं माझ्याकडं बघितलं. आईला, वहिनीला, कुणाला तो बोलला नव्हता. मला बोलला होता. आणि मी ते चावडीवर मांडलं. एवढं शिकून शहाणपण कवडीचं नाही.

२८ मे

आप्पांनी स्वतःच बिजागऱ्या उचकटल्या. "देवाचं गाव हाय, लेका. माजा इलाज न्हाई." आई देवाला तेल घालून आली. दादा बाजूला उभा राहून बघत होता.

२९ मे

दहा दिवस रजा बाकी असताना गेला. मी घोडेगावपर्यंत सोबत गेले. "दादा, माझं चुकलं."

"तुजं न्हाई गं."

११ जुलै, पुणे

आज सरांनी माझं प्रकरण वर्गात वाचून दाखवलं. "'शत्रूने सर्व घरांची दारे काढून जाळली'" — इथे थांबले. म्हणाले, "हे वाक्य लाखाचं आहे. करारात नुसती हत्या पुरत नाही, हेतू दाखवावा लागतो. आधी दारं जाळली, म्हणजे लोकांना उघडं पाडायचं ठरलेलं होतं. हाच हेतू!" शेजारच्या बाकावरची लीना रडायला लागली. सगळे माझ्याकडं बघत होते आणि माझी मान ताठ झाली होती. खोलीवर आल्यावर १९ मेचं पान उघडून पाहिलं; ते वाक्य मीच घातलेलं.

जबानी साक्षीदाराला वाचून दाखवायची आणि सही घ्यायची, हा पहिला नियम. माझ्याकडून तोच राहिला! दादाच्या पलटणीच्या पत्त्यावर प्रत टाकली. सर म्हणतात, सही आली की बांधायला द्या.

३ ऑगस्ट

पाकीट आलं. प्रत्येक पानावर सही, तारीख. एकच दुरुस्ती, दारांच्या वाक्यात. 'शत्रूने' खोडून वर 'आम्ही' केलंय.

बाजूला पेन्सिलीनं — "थंडी लई हुती. शेकोटीला घेतली. आत मानसं हुती तवा, जिती. आपले आले म्हून त्यांनीच दारं उचलून दिली."