दिसणार नाही अशा जागी

४ एप्रिल
पोचले एकदाची! उत्खननाचा हंगाम संपला, तंबू उठले, साहेब लोक फोटो काढून आपापल्या घरी गेले. खरं काम आता सुरू, असं मावशी म्हणते. जमिनीतून निघालेली खापरं, हाडं, मणी सगळं या कोठारात येतं. दोनशे सत्तर पेट्या आणि आम्ही दोघी. मावशी बावीस वर्षं इथेच आहे, मागच्या खोलीत राहते. आईने मला इथे कधी पाऊल टाकू दिलं नाही. बहिणीबहिणींचं काहीतरी बिनसलेलं. आई गेली त्याला वर्ष झालं, आणि मावशीने स्वतः बोलावून घेतलं. धाकट्या बहिणीला आत्याकडे ठेवून आले. माय मरो पण मावशी जगो म्हणतात, ते काय उगाच? आल्या आल्या तिने माझी वेणी घालून दिली. गार बोटं मानेवर बराच वेळ फिरत होती. मला तर डुलकीच लागली.

७ एप्रिल
काम शिकले. खापर जुन्या टूथब्रशने धुवायचं, सावलीत वाळवायचं. मग त्यावर पारदर्शक नेलपॉलिशचा ठिपका, त्या ठिपक्यावर बारीक निबाने आकडा, वर पुन्हा नेलपॉलिश. आकडा नेहमी दिसणार नाही अशा जागी घालायचा, भांड्याच्या आतून, मूर्तीच्या पाठीवर. मी एकदा दर्शनी बाजूला घातला तर केवढी खेकसली! तोच आकडा नोंदवहीत चढतो. एकदा आकडा पडला की वस्तू कोठाराची. ती उंबऱ्याबाहेर जायची तर तिच्या बदली दुसरी आत यायला हवी, अशी इथली शिस्त. मी म्हटलं, तुझ्यावरही आकडा घातलाय वाटतं, बाजारातसुद्धा जात नाहीस. एरवी माझ्या फालतू विनोदांना खो खो हसते. आज हसली नाही.

१० एप्रिल
मानेला खाज. दोन दिवस तहान लागलेली नाही, गंमतच आहे. साबण आणायला निघाले आणि उंबऱ्यावर पाय उचललाच जाईना. मुंग्या आल्या असतील. मावशी म्हणाली, राहू दे, मी आणते. आणि गेली की! साबण, भाजी आणि स्वतःसाठी नव्या चपला घेऊन आली. गुणगुणत होती. तिचा हात धरला तर चक्क उबदार.

१३ एप्रिल
दोन आरसे धरून मान पाहिली. केसांखाली आकडा आहे. ४११६. अक्षर मावशीचं.
नेलपॉलिश काढायच्या पाण्याने घासलं. आकडा गेला नाही. कातडीचा पापुद्रा निघाला, रक्त नाही, खाली कोरडी माती.
नोंदवही काढली. ४११६ : स्त्री, वय चोवीस, संपूर्ण, स्थिती उत्तम. ९०७च्या बदली. तारीख दोन एप्रिल. म्हणजे मी यायच्या आधी! मी इकडे येताना तिच्यासाठी शाल घेत होते, आणि ही बया माझी नोंद करून मोकळी.
९०७ पाहिलं. बावीस वर्षांपूर्वीचं. स्त्री, वय तेवीस. आज त्यावर लाल रेघ. ते अक्षर —
ते अक्षर माझ्या आईचं आहे.

१४ एप्रिल
मावशी गेली. नव्या चपला घालून. मी पदर धरला, रडले, शिव्या दिल्या. शांतपणे पदर सोडवून घेतला. दारातून एवढंच म्हणाली, "तुझ्या आईनेही मला वेणीच घालून दिली होती."
आई, तुला सगळं माहीत होतं. मला अडवलंस, पण खरं का नाही सांगितलंस? कोणाला शिव्या देऊ, तिला की तुला?

१६ एप्रिल
धाकटीला फोन लावला. सगळं सांगायचं होतं, मदत मागायची होती. तोंडातून निघालं ते इतकंच — ये, काम छान आहे.
पुन्हा लावला. पुन्हा तेच.
माझं तोंड आता माझं नाही —

१८ एप्रिल
बोटं गार. लिहिताना भुगा पडतो.
वहीत नवी ओळ. ४३५२ : स्त्री, वय एकोणीस, ४११६च्या बदली —
अक्षर माझं. मी कधी —

१९ एप्रिल
धाकटी आली. केस मोकळे सोडून पायाशी बसली आहे. ताई, वेणी घालून दे ना, म्हणते.
जा म्हणायचंय. जा, पळ —
निब हातात कसा आला —
धाकटे, मान अशी पुढे करू न