गोळे का फुगले नाहीत

३ फेब्रु., सोम.
लॅब मीटिंगमध्ये आज रम्याचे (पुढे र.) फोटो. डिशमध्ये वाढवलेले आतड्याच्या पेशींचे गोळे, कॉलराचं टॉक्सिन घालूनसुद्धा तस्सेच, खसखशीएवढे. एरवी टॉक्सिन पेशीत शिरलं की मिठाचा नळ उघडा तो उघडाच, मिठामागून पाणी, गोळा टम्म. माणसात हेच म्हणजे जुलाब. हिच्या औषधाने म्हणे नळ बंद! सर खुर्चीतून उठले. माझ्यासाठी चार वर्षांत एकदा उठले नाहीत. हिला येऊन वर्ष झालं. गोळे वाढवायला शिकवलं कोणी? मी. आभार कोणाचे? सरांचे.
जळते मी. लिहून टाकलं की बरं वाटेल म्हणून लिहिलं. नाही वाटलं.

४ फेब्रु.
घरी आईला सांगितलं. "तुझं जुलाबाचं कधी संपणार गं? ती मागून येऊन पुढे गेली ना?" जखमेवर मीठ चोळायला घरचीच माणसं लागतात.
र.ने लॅबमध्ये डबल का मीठा वाटला. मी म्हटलं, "नक्को, गोड सोडलंय." सगळे गेल्यावर उरलेला तुकडा उभ्याउभ्या खाल्ला.

६ फेब्रु., गुरु.
टॉक्सिनची नवी कुपी फ्रीजमध्ये नाही. शोधता शोधता डीप फ्रीजरमध्ये सापडली. गोठलेली! हे टॉक्सिन गोठवायचं नसतं, मरतं. र.ला पहिल्याच दिवशी मी हे बजावलं होतं. आणि तिथे ठेवली मीच, गेल्या महिन्यात, बाकीच्या कुप्यांबरोबर घाईत. र.ने तिथूनच घेतली. तिला वाटलं असणार, अक्काने (म्हणजे मी) ठेवलंय म्हणजे बरोबरच असणार.
वही पाहिली तिची. तुलनेसाठी औषधाशिवाय नुसत्या टॉक्सिनचे गोळे त्या दिवशी लावलेच नाहीत बाईने, जुन्या कुपीचे फोटो शेजारी लावलेत. म्हणजे औषधाचा काही प्रताप नाही, टॉक्सिनच मेलेलं...
हसू आवरेना.

७ फेब्रु.
सांगावं तर फ्रीजरची चूक माझी. न सांगावं तर हिची आरती चालूच. शिवाय सगळे म्हणणार, जळते. हौ, जळतेच.

९ फेब्रु., रवि.
लॅबमध्ये एकटी. ताजं टॉक्सिन, दोन डिश. एकीत नुसतं टॉक्सिन, दुसरीत र.चं औषधही. दुपारपर्यंत दोन्हींतले गोळे टम्म. नाचले अक्षरशः, ग्लोव्ह्ज घालून.
मग लाज वाटली. जुलाबावरचं औषध फसलं म्हणून नाचायचं? पाचेक मिनिटं वाटली लाज. मग फोटो परत पाहिले.

११ फेब्रु., मंगळ.
संध्याकाळी तारनाक्याच्या स्टॉपवर र. पळत आली. "अक्का, सर को बोल दी मैं. पेपर पे आपका नाम मेरे बराबर. आप नै सिखाते तो मेरेको क्या आता था?" मिठी मारली. बस सुटली माझी.
सरांनी मसुदा पाठवलाय. "वाचून उद्या सकाळी हो कळव, लगेच जर्नलला पाठवतो." चार वर्षं ज्यासाठी झुरले ते नाव, सगळ्यात वर, तिच्या शेजारी. ते नाव तिने मागून आणलं, मी न सांगता.
फ्रीजरचं सांगता येईल. चुका होतात, सर ओरडतील, संपेल. पण र. विचारेल, "कब पता चला, अक्का?" गुरुवारी, असं सांगावं लागेल. मग रविवारचंही.
सरांना अजून उत्तर दिलेलं नाही.